फ्रीजवरचं कात्रण

आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या फ्रीजवर तीन गोष्टी कायम असतात. गॅस कधी बुक केला त्याची तारीख लिहिलेला कागद, शिर्डीहून आणलेलं एक मॅग्नेट आणि त्या मॅग्नेटखाली दाबलेलं माझं कात्रण.

कात्रण २०२० मधलं आहे. लॉकडाऊन चालू होता, मास कॉमची डिग्री हातात होती आणि नोकरी नव्हती. एका पुरवणीसाठी मला काम मिळालं. ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या पाच वनस्पती’, शब्द सहाशे, मुदत दोन दिवस. पाचातली पहिली अर्थातच गुळवेल. तेव्हा अख्खा देश गुळवेल पीत होता, मग मी कशी मागे राहणार? चार ठिकाणचं वाचलं, दोन ठिकाणचं उचललं, ‘संस्कृतमध्ये हिला अमृता म्हणतात’ असं झक्कास पहिलं वाक्य टाकलं आणि पाठवून दिलं. लेख नावासकट छापून आला. आईने कात्री काढली, तो कापला आणि फ्रीजवर लावला. गेल्या वर्षी आईची केमो सुरू झाली तेव्हाही तो तिथेच होता.

लाल औषध आणि उतरलेले काउंट

आईला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं. त्यानंतर डॉक्टर मॅडमनी कागदावर एक टाइमटेबल काढून दिलं. दर एकवीस दिवसांनी एक, अशा चार केमो. त्यात दोन औषधं, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड. मग दुसरं औषध, बारा आठवडे, दर आठवड्याला. आई हिशेबाची पक्की. तिने लगेच कालनिर्णयवर गोल करून टाकले.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं. सलाइनच्या नळीतून ते उतरताना बघवत नाही. त्यानंतर लघवीलाही लाल होतं, हे आधी सांगून ठेवतात ते बरं. नाहीतर माणूस तिथेच खचेल.

उलट्या, केस गळणं, तोंडाची चव जाणं, हे सगळं सिनेमांमुळे आपल्याला ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हते ते ‘काउंट’. पहिल्या केमोनंतर दहाव्या दिवशी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी १,४००. एरवी त्या चार हजार ते अकरा हजारांच्या दरम्यान असायला हव्यात. डॉक्टर म्हणाल्या, “घाबरू नका, हे अपेक्षित आहे. पण ताप एकशे एकच्या वर गेला तर रात्रीचे तीन वाजले असले तरी थेट हॉस्पिटलला यायचं. सकाळची वाट बघायची नाही.”

झालं. त्या रात्री मी आईच्या कपाळाला किती वेळा हात लावला असेल याची गणतीच नाही. शेवटी तीच वैतागली, “अगं, तू झोप. तुझ्या हाताने गरम होतंय मला!”

असं का होतं, याचा फंडा मला नर्सने दोन मिनिटांत समजावला. केमोची ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, पण अस्थिमज्जेतल्या, म्हणजे बोन मॅरोतल्या पेशीही तितक्याच घाईत असतात. हाडांच्या आतला हा कारखाना चोवीस तास चालू. न्यूट्रोफिल नावाच्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात. रक्तात त्यांचं आयुष्य फार तर एखाद-दुसरा दिवस. तांबड्या पेशी एकशे वीस दिवस टिकतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस. कारखाना बंद पडला की ज्यांचा साठा सगळ्यात कमी, त्यांचाच तुटवडा आधी. म्हणून न्यूट्रोफिल पहिल्यांदा कोसळतात. दोन आठवड्यांच्या आसपास तळ गाठतात आणि एकविसाव्या दिवसापर्यंत पुन्हा वर येतात. त्या एकवीस दिवसांच्या गोलांचं रहस्य हेच.

आईला पाच दिवस पोटात इंजेक्शनं दिली. मज्जेला ‘चला, कामाला लागा’ असा संदेश देणारं आपल्याच शरीरात एक प्रथिन असतं, त्याची ही प्रयोगशाळेत बनवलेली प्रत. अमेरिकेत या औषधाला १९९१ मध्ये मान्यता मिळाली आणि भारतात डॉ. रेड्डीजने २००१ मध्ये स्वतःचं आणलं. हाडं ठणकतात, पण काउंट वर येतात. दुसऱ्या केमोला मात्र डॉक्टरांनी वाटच पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याचं जास्त दिवस टिकणारं इंजेक्शन देऊन टाकलं.

आणि दुसऱ्या खेपेला काउंट मस्त आले! मी रिपोर्टचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आई नुसती गालातल्या गालात हसत होती. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून हसतेय.

“काहीच नाही हो, डॉक्टर!”

तिसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आले. काउंट ठीक. पण एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची तब्येत सांगणारा आकडा, २१२. एरवी तो चाळिशीच्या आत-बाहेर असतो. केमो पुढे ढकलली.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, “काकू, घरी काही वेगळं चालू आहे का? काढा, चूर्ण, कोणी काही दिलंय?”

आईच्या आधी मीच बोलले. “नाही हो डॉक्टर, काहीच नाही.” काय तो माझा कॉन्फिडन्स! पत्रकार ना मी. माझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत नसेल?

आई काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावरही नाही. मानपाडा रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा बाहेर बघत ती म्हणाली, “अगं, गुळवेल घेतेय मी.”

“काय?”

“खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत वेल आहे. त्या दोन-दोन दिवसांनी कांडं आणून देतात. सकाळी सहाला उकळते. तू झोपलेली असतेस.”

“आई, आपण डॉक्टरांना विचारायचं तरी! मला सांगायचं!”

“डॉक्टर ओरडल्या असत्या. आणि तुला सांगितलं असतं तर तू दोन दिवस नेटवर बसली असतीस.” मग जरा थांबून, “आणि तुला काय सांगायचं? तूच तर लिहिलंयस.”

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला काही सुचेना.

तुम्ही म्हणाल, त्या लेखात केमोचा उल्लेख तरी होता का? नव्हता. पण ‘पांढऱ्या पेशी वाढवते’ हे वाक्य होतं. तेही ठळक अक्षरांत, चौकटीत. कुठून घेतलं होतं, देव जाणे. आईने ते पाच वर्षं रोज फ्रीज उघडताना वाचलं आणि डॉक्टर ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात’ म्हणाल्या त्या दिवशी तिने दोन आणि दोन चार केले. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काय केलं असतं?

कबुली

रात्रभर झोप आली नाही. सांगायचं की नाही? काढा बंदच करतोय, मग सांगायची गरज काय? खोटं ठरेन त्याचं काय? डॉक्टर चिडून ‘माझ्याकडे येऊ नका’ म्हणाल्या तर? हे सगळं मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? पण २१२ चं कारण शोधताना डॉक्टरांच्या हातात अर्धीच माहिती असणार आणि ती अर्धी मी लपवलेली असणार, हे काही केल्या गिळता येईना.

सकाळी आईला घेऊन पुन्हा गेले. उरलेली कांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतली होती. सगळं सांगितलं. लेखासकट.

डॉक्टर मॅडम ओरडल्या नाहीत. आधी म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत.” मग आईकडे वळून, “काकू, दहापैकी निम्मे पेशंट काही ना काही घेत असतात असं मी धरूनच चालते. न सांगणारे मला जास्त घाबरवतात.”

मी विचारलं, “म्हणजे हे गुळवेलीमुळेच झालं?”

“असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. केमोच्या औषधांनीही लिव्हरचे आकडे वाढतात. कावीळ आहे का तेही बघावं लागेल. पण केमो काढून टाकता येत नाही आणि काढा काढून टाकता येतो. म्हणून तो आधी बंद.”

काविळीच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. दोन्हीत काही निघालं नाही. काढा बंद करून दोन आठवड्यांनी एसजीपीटी खाली आला. केमो सोळा दिवस उशिरा झाली. कालनिर्णयवरचे सगळे गोल खोडून पुढे सरकवावे लागले. ते काम आईने मला करायला लावलं.

उंदरांना बरं वाटलं होतं

मग मी २०२० मध्ये करायला हवं होतं ते काम केलं. वाचलं. फार्माकॉलॉजी शिकणाऱ्या एका मैत्रिणीला हाताशी धरलं आणि प्रत्येक ओळ तिच्याकडून समजून घेतली.

पहिला धक्का हा, की आईचं वेड अगदीच बिनबुडाचं नव्हतं. आणि ज्यांनी यावर काम केलं त्यातली एक व्यक्ती आमच्या कपाटातच होती! डॉ. शरदिनी डहाणूकर. ‘फुलवा’, ‘हिरवाई’ लिहिणाऱ्या. आईची लाडकी लेखिका. त्या केईएममध्ये फार्माकॉलॉजीच्या डॉक्टर होत्या. डॉ. ऊर्मिला थत्ते आणि डॉ. डहाणूकर यांनी १९८८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात गुळवेल आणि शतावरीने प्राण्यांमधल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. एवढंच नाही, तर सायक्लोफॉस्फमाइडमुळे होणारी पेशींची घसरण त्यांनी कमी-जास्त प्रमाणात रोखली. सायक्लोफॉस्फमाइड म्हणजे आईच्या दोन औषधांपैकी एक. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

पुढे केरळात त्रिशूरच्या अमला कॅन्सर रिसर्च सेंटरमधून १९९८ मध्ये अश्वगंधेबद्दल असाच निष्कर्ष आला. हेच केमो औषध दिलेल्या उंदरांमध्ये अश्वगंधेच्या अर्काने पांढऱ्या पेशी आणि मज्जेतल्या पेशी सावरल्या. २००४ मध्ये पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ट्यूमर असलेल्या उंदरांवर अश्वगंधा आणि गुळवेलीचे अर्क वापरून तसंच काहीसं दाखवलं. म्हणजे हे कुणी व्हॉट्सअॅपवर सोडलेलं पिल्लू नाही. प्रयोगशाळेत, पद्धतशीर केलेलं काम आहे.

“मग प्रॉब्लेम काय?” मी मैत्रिणीला विचारलं.

“प्रॉब्लेम हा की तुझी आई उंदीर नाही,” ती शांतपणे म्हणाली.

तिने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, अर्क आणि काढा एक नव्हे. प्रयोगात ठरावीक वनस्पती, ठरावीक पद्धतीने काढलेला अर्क आणि वजनाप्रमाणे मोजलेला डोस असतो. आईच्या पातेल्यात काय होतं? काकूंच्या गॅलरीतली वेल, अंदाजे चार कांडी आणि ‘निम्मं आटेपर्यंत’ पाणी.

दुसरी गोष्ट लिव्हरची. सायक्लोफॉस्फमाइड शरीरात गेल्यावर लगेच काम करत नाही. लिव्हर आधी त्याचं खऱ्या औषधात रूपांतर करतं. त्याच लिव्हरवर दुसरं ओझं टाकलं, तर हिशेब कुठे बिघडेल हे सांगता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. २०२२ मध्ये तेरा केंद्रांमधल्या त्रेचाळीस रुग्णांचा अभ्यास आला. वाद राहू द्या बाजूला. मंत्रालयाचं म्हणणं खरं मानलं तरी प्रश्न उरतोच की, काकूंच्या गॅलरीतली वेल नेमकी कोणती?

तिसरी गोष्ट ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला.

युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची एक वनस्पती लोक उदासीवर घेतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी आयरिनोटेकान हे केमोचं औषध घेणाऱ्या पाच रुग्णांना ती देऊन पाहिली. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पती घेत असताना त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी घसरल्या. छानच की! पण रक्त तपासलं तेव्हा कळलं की, केमोच्या खऱ्या काम करणाऱ्या घटकाची पातळीच बेचाळीस टक्क्यांनी खाली आली होती. म्हणजे मज्जा वाचली, कारण औषधच कमी पोहोचलं. मग कॅन्सरपर्यंत तरी किती पोहोचलं असेल?

“गुळवेल असं करते असं मी म्हणत नाहीये,” मैत्रीण म्हणाली. “पण काउंट चांगले आले म्हणून खूश व्हायच्या आधी हा प्रश्न विचारावा लागतो. मज्जेला वाचवताना ट्यूमरलाही वाचवत नाही ना? याचं उत्तर माणसांवरच्या मोठ्या, नीट केलेल्या चाचण्यांतूनच मिळतं.”

मला आईचं ते गालातलं हसू आठवलं. तिला वाटलं होतं, काउंट काढ्याने वाढले. मी मनातल्या मनात म्हणत होते, इंजेक्शनने वाढले. दोन्ही एकाच वेळी चालू होतं, तर श्रेय कुणाचं हे घरात बसून कोण ठरवणार? डॉक्टरांचीही तीच अडचण. आपण लपवतो तेव्हा त्यांच्या हातातला आकडाच खोटा करून टाकतो.

झाडपालाच की!

हे वाचून कुणी ‘आयुर्वेद बेकार’ असा अर्थ काढू नका, प्लीज. गंमत बघा. चार केमो संपल्यावर आईला जे बारा आठवड्यांचं औषध सुरू झालं ते पॅक्लिटॅक्सेल. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीत. आणि आपल्या अंगणातली सदाफुली? तिच्यातून विनक्रिस्टीन मिळतं, जे १९६३ पासून ल्युकेमियासारख्या कॅन्सरवर वापरलं जातंय.

हे मी आईला डे-केअरच्या खुर्चीत सांगितलं. तिने सलाइनच्या बाटलीकडे मान वर करून पाहिलं. “म्हणजे हाही झाडपालाच की!”

“हो. पण हा मोजून देतात. आणि त्याने मज्जेला काय होतं ते बघायला दर वेळी रक्त काढतात.”

“असं होय.” थोड्या वेळाने म्हणाली, “मग आपल्या गुळवेलीचं पण असं मोजून का नाही करत कुणी?”

करायला हवं, आई. करायला सुरुवातही झाली होती, तुझ्या लाडक्या लेखिकेच्या हातून. उंदरांपासून पेशंटपर्यंतचा रस्ता लांबचा आहे, एवढंच. तो कुणीतरी चालायला हवा. आपल्या पातेल्यातून शॉर्टकट नाही.

तुमच्याही ओळखीत कुणाची केमो चालू असेल, तर एकच सांगते. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. काढा, चूर्ण, हर्बल कॅप्सूल, काकूंनी दिलेलं काहीही पिशवीत घाला आणि ओपीडीत टेबलावर ठेवा. ओरडा बसला तर बसू दे. आणि घरातल्या पेशंटलाही ओरडू नका. आमच्याकडे आई लपवत होती, कारण तिला आमची भीती वाटत होती.

आईची ट्रीटमेंट पूर्ण झाली. केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे. काकूंशी दोस्ती कायम आहे. कांड्यांच्या जागी आता अळूवडी येते.

आणि ते कात्रण? मी ते काढून फेकायला निघाले होते. आईने हात धरला. “तुझं पहिलं नाव आहे त्याच्यावर. राहू दे.”

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘खुलासा’ छापतात. माझा पाच वर्षं राहिला होता. पेन घेऊन कात्रणाखाली लिहिला, ‘केमो चालू असताना डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.’

आईने चष्मा लावून तो वाचला. म्हणाली, “अक्षर जरा मोठं काढायचं होतंस. काकूंना वाचता नाही यायचं.”